मरला

ग्रिम्सबीत फेब्रुवारीत पाचच्या आत अंधारतं.
गोदीवरून माशांचा वास येतो
आणि ओल्या कोटासारखा दाराशी लटकून राहतो.

शाल्मली अडीच वर्षांची.
मंगळवारी मिसेस ब्रॅकनबरी आल्या, फॉर्म घेऊन.
किती शब्द येतात? दोन शब्द जोडते का?
जोडते, म्हटलं, पण एक इकडचा, एक तिकडचा.
त्यांनी चौकोनावर पेन टेकवलं
आणि तसंच ठेवलं.

काल म्हणाली, "आई, मी करलं."
भिंतभर निळा रंग.
करलं?
हे हिला शिकवलं कुणी?
घरात मराठी बोलणारी मी एकटी,
आणि मी जन्मात करलं म्हटलेलं नाही.

बसलं, हसलं, पडलं यांच्यातून
गुपचूप काहीतरी वेचलं असेल तिनं.
की हिरडीत दात असतो
तसं ते आधीपासून आतच होतं,
आणि मी नुसतं दूध पाजत गेले?

बर्फ मेल्टला. बस निघली. बाबा बोटीवर जाला.
इंग्रजी शब्दाला बिनदिक्कत मराठी शेपूट लावते
आणि ते हलतंसुद्धा.

मी आपली मागे मागे.
केलं म्हण. निघाली म्हण. गेला म्हण.
ती माझ्याकडे बघते,
रांग मोडणाऱ्याकडे इथले लोक बघतात तशी.
खरंच आहे. नियम तिचा,
माझ्याकडे नुसते अपवाद.

आज सकाळी बरणीतला मासा उलटा तरंगत होता.
काचेला नाक लावून उभी राहिली, बराच वेळ.
मग वळली.
"मासा मरला."

मेला म्हण, हे ओठांवर आलंच होतं.
पण माझी आत्या दूधवाल्याला मेल्या म्हणायची,
मांजराला म्हणायची,
आम्हालाही, गालगुच्चा घेता घेता.
किती हातांतून गेलेला शब्द, पार गुळगुळीत.
हिचा मरला कोरा करकरीत.
या घरात कुणाच्याही मरणाला
तो अजून लावलेला नव्हता.

परसातली माती गोठलेली.
दोघी चमच्यांनी उकरत बसलो.
माझा चमचा वाकला.

"बाबा येला की सांगू," ती म्हणाली.

लांब, समुद्रात, पवनचक्क्यांचे लाल दिवे
एकदम लागत होते, एकदम विझत होते.

"सांगू," मी म्हटलं.
"येला की."