अर्धा पोचलोय

आमच्या इमारतीची लिफ्ट फुकट हलत नाही.
इथे ग्लदानीत, तिबिलिसीच्या पार या टोकाला,
आतल्या डब्यात दहा तेत्रीचं नाणं टाकावं लागतं,
तेव्हा ती खाकरते, अंग झटकते
आणि वर निघते, उपकार केल्यासारखी.
आम्ही सातव्यावर.
समोरच्या दारात नुग्झार आणि त्सिआला.

नुग्झार शाळेत भूमिती शिकवायचा.
घरात त्याने जे जे केलं
त्यात कोन तेवढे बरोबर, बाकी सगळं चूक.
फळी ठोकली काटकोनात,
खिळा गेला भिंतीतल्या नळात.
आंबट आलुबुखारांची चटणी गॅसवर ठेवून
पाव आणायला गेला,
दार ओढलं, किल्ली आत.
स्वयंपाकघराच्या छतावर तेव्हापासून एक जांभळा खंड आहे,
साधारण आफ्रिका.
त्सिआला तो पाहुण्यांना दाखवते,
मादागास्करसकट.

लेक हॅम्बुर्गला, नानुका.
तिला मुलगा झाला तेव्हा दोघं निघाले,
चटणीच्या चार बाटल्या नुग्झारच्या सदऱ्यांत गुंडाळून.
एकच फुटली,
पण सगळ्या सदऱ्यांना समान वाटणी झाली.
म्हणून नातवाने आजोबांना पहिल्यांदा पाहिलं
ते जावयाच्या टी-शर्टात,
पोटावर हसरा देवमासा.

दुसऱ्या दिवशी हा एकटाच दूध आणायला निघाला,
हातात रिकामी बाटली, कारण सवय.
लिफ्टमध्ये आरसे. कुठे खाकरणं नाही, कुठे डबा नाही.
डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
गुडघ्यांवर बसून पाहिलं.
श्रीमंत देश, लपवला असेल.
शेवटी बारीक भोकांच्या जाळीखाली
एक फट सापडली.
दहा सेंट जाईनात. पाच गेले.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थबकली.
जाळीतून एक बाई बोलू लागली.

जर्मन त्याला येत नाही, पण सूर ओळखीचा वाटला:
पैसे कमी पडले.
आणखी पाच टाकले.
बाई जरा जोरात बोलली. आणखी पाच.
पंचेचाळीस सेंट झाले आणि चिल्लर संपली,
तेव्हा त्याने तिला आपलं नाव सांगितलं,
गाव सांगितलं, नातवाचं वजन सांगितलं.
बाई गप्प झाली.
आता समोरचा माणूस गप्प ऐकतोय म्हटल्यावर
आमच्याकडचा कुणीही जे करील तेच त्याने केलं.
रिकामी बाटली उंचावली
आणि तिच्या आईच्या नावाने टोस्ट सुरू केला,
जिने लेकीला असा आवाज दिला.
मग तिच्या वडिलांच्या नावाने.
मग तिच्या गावच्या नद्यांच्या.
मधूनमधून ती म्हणे, "वी बिट्टे?"
याला वाटे, दाद आहे.

चाळीस मिनिटांनी एक तरुण आला,
त्याने चार स्क्रू काढले, नऊ नाणी मोजली
आणि याच्या तळहातावर ठेवली.
नुग्झार अजून सांगतो:
तिथली लिफ्ट पैसे परत देते.

परवा मध्यरात्री ते घरी आले.
दोघं आणि बॅगा एकदम मावेनात.
त्सिआलाच्या पर्शीत तळाशी एक तेत्री निघालं, ती आधी वर आली.
याच्या खिशात फक्त सेंट.
आमच्या डब्याला नावगाव विचारायची सवय नाही,
त्याने नाणं गिळलं, चार मजले चढला,
आणि मग बहुधा चव कळली.
दिवा गेला.

मी टॉर्च घेऊन बाहेर आले तेव्हा
त्या काळ्या विहिरीत फोन वाजत होता.
नानुका असणार. पोचलात का?
"आई पोचली," खालून आवाज आला.
"मी अर्धा पोचलोय."

मग बराच वेळ काही नाही.
मग चाचपडल्याचा आवाज,
पत्र्यावर बोटं,
आणि अगदी हळू, अदबीने:
"बाई?"

त्सिआलाने सपाता काढल्या,
जाळीच्या दाराला तोंड लावलं
आणि तीन आठवडे घोकल्यासारखं म्हणाली,
"वी बिट्टे?"