ठोका

बेसिल आल्बर्टाला तेलाच्या कामावर गेला
तेव्हा करवतीचं टेबल बहिणीला देऊन गेला,
आणि जाता जाता एक मंत्र:
फेन्स अडली तर ठोका मार, सरकते.

एकोणीस वर्षं सेल्मा निकल ठोका मारते आहे.
उजव्या मुठीनं, खटक्याच्या चार बोटं डावीकडे,
जिथला राखाडी रंग उडून
पत्र्याला नाण्याएवढं टक्कल पडलंय.

नोव्हेंबर. लुननबर्गच्या धक्क्यावर
पिंजऱ्यांच्या चळती वाढताहेत.
शेवटच्या सोमवारी बोटी सुटणार,
आणि एल्ड्रेड झिंकनं साठ पिंजरे सांगितलेत, लाकडीच.
तारेच्या पिंजऱ्यात शेवंड येते, म्हणतो, पण रुसून येते.
साठ पिंजरे म्हणजे स्प्रूसच्या पट्ट्या
मोजायच्याच नाहीत इतक्या,
प्रत्येक एक इंच रुंद.
आणि फेन्स मात्र तिच्या मनातला इंच धरते.

मंगळवारी पट्टी पात्यात चिमटली.
आधी जळक्या राळेचा वास आला,
मग काही दिसायच्या आत
ती सेल्माच्या कमरेशेजारून गेली
आणि मागच्या शेगडीच्या दारावर आदळली.
बिडाच्या दाराला टवका.
सेल्मानं बटण दाबलं.
पातं थांबेपर्यंत उभी राहिली.
मग स्टुलावर बसून अर्धं सफरचंद खाल्लं.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
इथं कुंपणानं
माणूस चाखून पाहिला.

बुधवारी तिनं फेन्स उचलून बाकावर उताणी ठेवली.
पहिल्यांदाच तिचं पोट दिसलं:
भुसा, ग्रीस आणि खारी हवा
यांचा गुळासारखा चिकट काळपट थर,
आणि पुढच्या बुटात
घडी घालून कोंबलेला पुठ्ठा.
चिमट्यानं ओढला तर पदर पदर सुटले.
काडेपेटीचं झाकण.
आतल्या अंगाला पेन्सिलीनं
सात सोळांश.
बेसिलचाच तो उजवीकडे कललेला सात.

म्हणजे फेन्स तेव्हा डुलत होती
आणि त्यानं तात्पुरती पाचर मारली होती.
तात्पुरतीनं एकोणीस हिवाळ्यांचं धुकं प्यायलं,
फुगली, बसली,
घरची झाली.
सेल्मा नुसतं 'हं' म्हणाली.

मग रॉकेलचा बोळा. लोखंडी काथ्या.
रुळावरचा तांबूस गंज निघाला
तशी खालून तिचीच हनुवटी वर आली, लांबट.
स्वयंपाकघरातली पांढरी कापायची पाटी
(तिच्यावर बिटाचे डाग कायमचे)
कोपऱ्यातून कापून दोन चकत्या,
पुठ्ठ्याच्या जागी.
रुळाला मेण, पातळ, फडक्यानं घासून घासून
अर्धं पुसून टाकायचं असतं तसं.
तोंडाला बर्चची नवी फळी,
खालची कड जराशी तासलेली,
भुशाला जायला वाट हवी.
पुढचं टोक खाचेशी समांतर,
मागचं सिगारेटच्या कागदाएवढं दूर:
चिरून झालेल्या लाकडाला
कुणी धरून ठेवू नये.

सगळं आवळून तिनं एका बोटानं ढकललं.
फेन्स गेली ती गेलीच,
रुळाच्या टोकावरून थेट
हिरव्या रंगाच्या डब्यात.
संध्याकाळ रंग पुसण्यात गेली,
आणि टोकाला एक बोल्ट लावण्यात.

गुरुवारी पट्ट्या पडू लागल्या.
कडा मऊ, कुठं काळा डाग नाही,
अकरा एकावर एक ठेवल्या तर
बोट फिरवून सांध्याचा पत्ता लागेना.
दर वेळी फेन्स हलवताना
मूठ मात्र आपसूक वर जायची,
मग हवेत थोडं थांबून
कानामागं खाजवून परत यायची.

रविवारी बेसिलचा फोन.
तिकडं उणे बावीस आहे, गुडघा दुखतो,
आणि करवत कशी आहे?
छान, ती म्हणाली.
अडते अजून?
नाही रे.
बघ, तो म्हणाला, मी सांगितलं होतं,
नेमक्या जागी ठोका बसला पाहिजे.

काडेपेटीचं झाकण
खिडकीत वाळत होतं.
हो, म्हणाली सेल्मा.
बसला.