तिसरी खिडकी

पेलोतासला जुलैत भिंतींना घाम येतो.
इरासीबाईंच्या स्वयंपाकघरात, टेबलावर
लॅपटॉप, माझा पेनड्राइव्ह,
आणि कडू शिमाराँवचा तुंबा,
ज्याला त्या मला नको म्हणू देत नाहीत.

चालू करतो, एफ-टू बडवत राहतो,
तरी विंडोजच आधी हजर.
पुन्हा. पुन्हा विंडोज.
'इतकी घाई कसली याला?'
फास्ट बूट, मी म्हणतो. आपण कडी काढेपर्यंत
पाहुणा सोफ्यावर.

दुपारपर्यंत लिनक्स चढलं.
वायफायचा ड्रायव्हर मात्र परका,
त्यावर ओळखीची सही नाही,
म्हणून उंबऱ्यातच अडवलेला.
'सिक्युअर बूट बंद करू,' मी सवयीने म्हणालो,
'सगळे तेच करतात.'

बाईंनी चष्मा काढला.
चौतीस वर्षं नोटरी कचेरीच्या तिसऱ्या खिडकीत
त्यांनी सह्या ताडून पाहिल्या,
एका हातात खोक्यातलं कार्ड, दुसऱ्यात दस्त.
एकदा सख्ख्या भावाचा कागद परत केला होता.
'सही जुळत नाही म्हणून
खिडकीच काढून टाकायची?
पोरा, नव्या माणसाचं कार्ड बनव.'

मग किल्ली घडवली. तिला पासवर्ड हवा.
बाईंनी लिहिलं: असुकरेइरो. साखरदाणी.
रीस्टार्ट. निळा पडदा,
दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबा.
नेमकी तेव्हाच केटली शिटी मारू लागली.

पुन्हा सगळं पहिल्यापासून.
या वेळी बाईंचं बोट आधीच टेकलेलं.
पासवर्ड चुकीचा.
पासवर्ड चुकीचा.
मला फार उशिरा उमगलं: इतक्या तळाशी
यंत्राला फक्त अमेरिकी कीबोर्ड ठाऊक.
आमचा शेपटीवाला 'स' तिथवर पोचत नाही,
साखरेत अर्धविराम पडतो.

'असं होय,' बाई म्हणाल्या, जराही न चिडता.
'मी मेंडोंसा. कचेरीतला पहिला टाइपराइटर परदेशी होता.
ती शेपटी मी रोज पेनाने काढायचे.'

नवा पासवर्ड नुसत्या आकड्यांचा,
माझ्याकडे पाठ करून टाइप केलेला.

वायफाय लागलं. शेजाऱ्यांची नावं एकेक करून उगवली.
त्यांना त्यात रस नव्हता.
'माझं कार्ड दाखव.'
मी किल्लीचा ठसा काढून दाखवला,
अक्षरं-आकड्यांच्या वीस जोड्या.
त्यांनी त्या वहीत उतरवल्या, एकेक ताडून,
सतरावी खोडून पुन्हा लिहिली,
आणि खाली, सवयीने, तारीख.