नीलव्वा

बांगड्या माझ्या नव्हेत.
मी जांभळ्या घालत नाही. कांडी भरताना
काच वाजली की सुतावरचं लक्ष उडतं.
पिशवीत एकशे चाळीस रुपये, मूठभर पुटाणी
आणि घटप्रभेच्या कुठल्याशा खानावळीचा हिशेब:
सोमवार, रोट्टी ऐंशी. अमावास्या, साठ.
आकडे डावीकडं कललेले.
माझे उजवीकडं कलतात.

अकरा दिवस.
भरमा म्हणतो, तू मला ओळखलं नाहीस.
पाण्याचा तांब्या पुढं ठेवलास आणि विचारलंस,
एष्टु रोट्टी?
त्यानं दोन मागितल्या.
दुसरं काय मागणार?
खाल्ल्या, पैसे दिले, आणि स्टेशनाच्या भिंतीकडं तोंड करून रडला.
हे त्यानं दोन महिन्यांनी सांगितलं,
तेही वडगावात वीज गेली होती म्हणून.

सासू म्हणाली, अंगात आलंय. नारळ फोडला.
निवृत्त मोदगेकर गुरुजी चष्मा पुसत म्हणाले,
सीमाभागच हा, दोन भाषांत माणूस चिरला जाणारच.
गुरुजी, तुमच्या भांडणाला माझं डोकं देऊ नका.
भाजी मी कन्नडात घेते, शिव्या मराठीत देते,
त्यानं कुणी चिरत नाही.
चिरायला एक माणूस लागतो
आणि आतून लागलेली कडी.

सिव्हिलमधल्या हिरेमठ डॉक्टरबाई
सावकाश बोलतात, शब्द निवडून.
धागा तुटला की माग थांबतो ना, वैजयंता?
तुमचं मन थांबलं नाही, ते दुसऱ्या धाग्यावर चालत राहिलं.
बाईंना माग माहीत नाही.
धागा तुटला की आम्ही गाठ मारतो,
गाठ उलट्या बाजूला जाते,
आणि साडी नेसणारीला कधी कळत नाही.

मला कळतं.
लेकीच्या बारशाच्या फोटोत मी आहे,
हसतेय, हातात घुगऱ्यांची परात,
पाहुणी आल्यासारखी.
त्या दिवसाचा वास नाही, आवाज नाही.
लेक विचारते, आई, मी रडले होते का?
मी म्हणते, खूप.
अंदाजानं.

नववं वर्ष मात्र आहे.
सुताचं गोदाम. बाहेर सोळा माग एकदम चालू.
तो कोण होता ते मला माहीत आहे, इथं लिहीत नाही.
मी पत्र्याखालच्या तुळईवर जाऊन बसले,
तिथून खाली बघत राहिले.
कुणाची तरी पोरगी होती, फ्रॉक पिवळा.
मी धोट्याचे ठोके मोजत होते.
चारशे बारापर्यंत मोजले.
तुळईवरून मी उतरले कधी,
ते अजून सापडलेलं नाही.

एवढं आठवतं, गल्लीच्या टोकाला एक दार उघडं होतं.
एका बाईनं माझे पाय धुतले, काही विचारलं नाही.
गरम रोट्टी, वर शेंगाचटणी, तुपाचा ठिपका.
तिन्नु मगा, म्हणाली.
ते घर पुढं विकलं गेलं. बाई धारवाडकडं गेली म्हणतात.
तिचं नाव मी बाईंना सांगितलं तेव्हा
त्यांचं पेन थांबलं.
मला नाही सुचलं, त्यांना सुचलं.
घटप्रभेत मी याच नावाला ओ देत होते.

आता एक वही आहे. बाईंनी दिलेली.
रात्री उशाखाली ठेवायची,
जी कोणी जागी असेल तिनं लिहायचं.
तीन आठवडे फक्त मीच लिहिलं,
दूध, फी, कांड्या किती.
काल सकाळी पान उलटलं
तर गोल, मोठी अक्षरं.
शाळेत कन्नडात मी काठावर पास,
बोट ठेवून वाचलं.
ऊट आयता?

जेवलीस का.

चहा गार होईपर्यंत बसून राहिले.
भरमाला हाक मारावीशी वाटली, मारली नाही.
मग खाली लिहिलं, मराठीत,
उजवीकडं कलणाऱ्या अक्षरात:
अजून नाही.