पंचेचाळीस मिनिटं

सरपंचाच्या घरी लग्न, सचिवाला ताप,
म्हणून तालुक्याच्या प्रशिक्षणाला मी गेलो.
मी, व्हॉल्व्हमन.
साहेबांनी फळ्यावर लिहिलं: सामाजिक न्याय.
खाली दोनदा रेघ ओढली
आणि व्याख्या सांगू लागले. लांब होती.
मी उतरवत होतो तोवर
पुरी-भाजीचा वास आला,
व्याख्या अर्धीच राहिली.

आमची टाकी मारुतीच्या पारामागं.
तीन व्हॉल्व्ह. एक गावाचा,
एक बौद्धपुऱ्याचा,
तिसरा चढावरच्या कोलाम पोडाचा.
रजिस्टरात माझंच अक्षर:
प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं.
कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

पण पाण्याला कुठं वाचता येतं?
पोडाकडं निघालं की ते आधी
रिकामा पाईप भरतं, दम खातं,
तोटीतून नुसती हवा खोकते,
आणि पंचविसाव्या मिनिटाला
पहिली धार, करंगळीएवढी.
गावात तेवढ्या वेळात
दोन मोटरसायकली धुऊन होतात.

लेतूबाई आत्राम गुंड धरून उभी होती.
म्हणाली, "बापू,
तुह्या घड्याळात आमचे मिनिटं
बारके हायेत का?"

मी चावी हातात घेऊन
बराच वेळ तिथंच.

दुसऱ्या दिवशी पोडाला सत्तर मिनिटं दिली.
तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी उपसरपंचानं बोलावलं:
"कोनाच्या हुकमानं?"
(पंचेचाळीस कुणाच्या हुकमानं, हे
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.)
खुलासा लेखी पाहिजे म्हणाला.

मी वही काढली, तेलाचा डाग पडलेली,
आणि खुलाशात उतरवलं:
'सामाजिक न्याय म्हणजे समाजातील
सर्व घटकांना त्यांच्या'
पुढं माझ्याकडं काहीच नव्हतं.

सचिवानं वाचलं. चष्मा काढला, पुसला.
लाल पेननं सगळं खोडून वर लिहिलं:
'तांत्रिक कारण. चढावर दाब कमी.'
"असं लिवलं का कोनी भांडत नाही, बावा."

खरंच कुणी भांडलं नाही.
आता रोज सत्तर मिनिटं,
रोज रजिस्टरात दाब कमी.
लेतूबाईचे दोन गुंड भरतात,
तिसरा अर्धाच राहतो.
तो अर्धा गुंड डोक्यावर घेऊन
ती चढ चढते, पाणी आत डुचमळतं,
आणि मला वहीतलं ते वाक्य आठवतं,
जे 'त्यांच्या' पाशी थांबलंय.