कॅनमधलं पाणी

मोस्तारच्या त्या गल्लीतल्या भिंती खऱ्या होत्या,
भोकंही खरी, त्र्याण्णव सालची.
पण कॅमेऱ्यात ती बारीक दिसायची,
देवीच्या वणांसारखी.
जरा मोठी करू या, कलादिग्दर्शक म्हणाले.
मग मी छिन्नी घेतली
आणि दिवसाला ऐंशी मार्क घेऊन
शेफिकाबाईंचं घर पुन्हा फोडलं.
त्या दारात उभ्या होत्या.
"खालचं तेवढं राहू दे," म्हणाल्या,
"त्यात मी किल्ली ठेवते."

धूर स्प्लिटहून आला, पिंपांतून.
रक्त दोन प्रकारचं: ताजं, आणि दुपारनंतरचं.
निवृत्त सुभेदारासारखा एक सल्लागार
नटांना पडायला शिकवायचा.
गोळी लागली की माणूस हात फेकत नाही म्हणे,
दोरी सुटलेल्या पोत्यासारखा बसतो.
आठवडाभर सगळी गल्ली पोती होऊन बसत होती.

पहिला खेळ नदीपलीकडच्या थिएटरात.
शेफिकाबाई तिसऱ्या रांगेत, कोटाची बटणं लावलेलीच.
बाजार उडाला. खुर्च्या थरथरल्या. त्या हलल्या नाहीत.
रस्त्यात पोराचा एकच बूट राहिला,
व्हायोलिन वाजलं,
मागे कुणीतरी नाक ओढलं.
त्या हलल्या नाहीत.
मग नायिका दोन कॅन घेऊन
चढ चढत धावत आली,
तेव्हा त्या माझ्या कानाशी वाकल्या:
"रिकामे आहेत."
"कशावरून?"
"खांदे बघ तिचे. भरलेला कॅन खांदा उतरवतो.
मूठ बोटांत रुतते,
आणि आपण पळालो की पाणी
आपल्या उलट पळतं."

मी गप्प.
कॅन मीच ओतले होते, अकराव्या टेकनंतर,
तिचं मनगट सुजलं म्हणून.
पाणी डाळिंबाला घातलं होतं.

शेवटाकडे, अगदी मागे, फोकसच्या बाहेर,
जमावातला एक म्हातारा पळता पळता थांबतो,
मागे फिरतो,
दार ओढून घेतो, कडी लावतो,
हलवून बघतो,
मग पळतो.
हे कुणी लिहिलं नव्हतं.
तो एनवर, बेकरीतला, रोजावर आलेला.
दार प्लायवुडचं. त्याच्यामागे घर नव्हतंच.

शेफिकाबाईंनी रुमाल तोंडात धरला.
शेजारची बाई माझ्याकडे बघू लागली:
बॉम्बचा सीन तर केव्हाच होऊन गेला.

भोकं बुजवायचं कंपनीनं कबूल केलं होतं.
कंपनी गेली.
रविवारी मीच सिमेंट घेऊन गेलो.
त्यांनी दोन कॅन पुढे ठेवले.
"कालवायला पाणी लागेल ना.
नळ बंद आहे, खालून आण."

शंभरेक पायऱ्या असतील. मोजायचं सुचलं नाही.
वर पोचेपर्यंत माझी विजार भिजली होती,
कॅन अर्धे.
"सांडलं," मी म्हणालो.
"तेव्हाही सांडायचं,"
त्या म्हणाल्या,
आणि खालच्या भोकातून किल्ली काढून
दार उघडलं.