चुळबुळ

गावाचं नाव हल. यॉर्कशरच्या टोकाला, हंबरच्या गढूळ पाण्यापाशी.
नोकरी लागल्याचं आईला फोनवर सांगितलं,
तर ती म्हणाली, कुठे हलू? इथेच बरी आहे मी.
अकरा वर्षं झाली, तो विनोद अजून चालतो आमच्यात.

तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढून,
मी बाळांच्या चित्रफिती बघते. आवाज बंद.
रडणं ऐकू आलं की डोळे खोटं बोलतात.
बाळ उताणं, जागं, हातपाय उघडे,
खुळखुळा नाही, चोखणी नाही, टाळ्या वाजवणारं कुणी नाही.
तीन मिनिटं. कधी पाच.
त्याचं त्याला हलू द्यायचं.

बोट बघायचं नाही, गुडघा बघायचा नाही,
एकेक अवयव बघू गेलं की बाळ हरवतं.
सगळं मिळून बघायचं,
चेहरा दिसायच्या आधी
दुरून चालीवरून माणूस ओळखतो तसं.
पाऊण तासाने नजर बोथट होते.
मग एका धडधाकट मुलीची जुनी फीत लावून
डोळ्यांना धार करून घ्यायची.
ती आता सहावीत असेल. तिला माहीत नाही
की इथे ती अजून तीन महिन्यांची आहे
आणि सगळ्यांना तिच्याशी ताडून बघतात.

आधी असते ती वळवळ:
संथ, वाटोळी, झोपेत गोगलगायीने कूस बदलावी तशी.
ती ओसरते, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला
येते चुळबुळ.
मनगटात, घोट्यात, मानेत,
बारीक, सगळ्या दिशांनी,
मंद आचेवरचं दूध उकळायच्या आधी थरथरतं तशी.

हा शब्द मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.
परभणी, चौथीचा वर्ग, देशमानेबाई:
वैजयंती, चुळबुळ थांबव.
पट्टी बाकावर. पट्टी गुडघ्यावर.
प्रगतिपुस्तकात लाल शाई: हुशार आहे, पण स्थिर बसत नाही.
आता पगार मिळतो तो तीच शोधायचा.

विल्फ होल्ड्सवर्थ. सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेला,
आठशे दहा ग्रॅम.
दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजलं तर आज चौदा आठवडे.
आईने घरीच घेतलेली फीत, खुर्चीवर उभं राहून.
मध्येच कुत्र्याचं शेपूट चौकटीतून जातं.
विल्फ छताकडे बघतो.
हात वर येतात, खाली जातात. पाय ताठ होतात, सैल होतात.
मधल्या जागा रिकाम्या.
दूध गार.
धारेची मुलगी लावली, मग पुन्हा विल्फ.
पलीकडच्या खोलीत ग्विलिम तीच फीत बघत होता;
तोवर एकमेकांशी बोलायचं नाही.
कागद पालथे ठेवले, एकदम उलटले.
दोघांचं उत्तर एकच.

हेसल रोडला तिचं घर.
कर्स्टी कॅरव्हॅनच्या कारखान्यात पडदे शिवते.
दार उघडताच म्हणाली, किती शांत आहे हा,
थोरल्यासारखा नाही. गुणाचं बाळ.
सगळे हेच म्हणतात.

मी वाक्य तयार करून नेलं होतं.
शक्यता म्हणायचं. खात्री म्हणायचं नाही.
लवकर कळलं ते बरं, हेही म्हणायचं, पण आधी नाही.
म्हटलं. वाक्याच्या मध्यावर तिने
विल्फचा मोजा वर ओढला,
जो घसरलेला नव्हताच.

सोफ्यावर थोरला, पाच वर्षांचा,
उशीवर टाचा आपटतोय, जॅकेटची चेन वर खाली, वर खाली.
ती त्याच्यावर ओरडली, एक मिनिट तरी स्वस्थ बस!

राहू दे, मी म्हणाले. फारच मोठ्याने.

मग बूट काढले, गालिच्यावर बसले,
तळहात एकमेकांवर घासून गरम केले
आणि विल्फचा डावा पाय हातात घेतला.